किनुए ओगिवारा यांचा अनिच्छेने झालेला सत्कार

नाव: ओगिवारा किनुए. जन्म: शोवा २४ (इ.स. १९४९), सप्टेंबर २. समारंभाच्या दिवशीचे वय: पंचाहत्तर वर्षे चौदा दिवस. राहणार: कामिसावा वस्ती, घर क्रमांक अकरा. वैवाहिक स्थिती: विधवा. वर्ग: सत्कारमूर्ती (नवप्रविष्ट). ज्येष्ठ-सन्मान दिनी सदर व्यक्तीने करावयाचे काम: काही नाही. सदर व्यक्तीने सकाळी दहा वाजता वस्तीच्या सभागृहात येऊन नेमून दिलेल्या गादीवर बसावे व आदर स्वीकारावा. येताना चष्मा आणावा.

हे पत्र नगरपालिकेच्या ज्येष्ठ कल्याण विभागाकडून ऑगस्टच्या मध्यावर आलं, ओबोनच्या पितृसणाला आलेली पाहुणेमंडळी शहरांकडे परतली त्याच्या दुसऱ्या दिवशी. किनुएसान तेव्हा अजून चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या आणि परसात वांगी तोडत होत्या. त्यांनी पत्र वाचलं, टोपलीत टाकलं, वांगी धुतली, मग ओलं पत्र पुसून पुन्हा एकदा वाचलं. "आदर स्वीकारावा" या शब्दांखाली त्यांनी नखाने रेघ ओढली. वस्तीत त्यांना ओळखणाऱ्या कोणालाही त्या रेघेचा अर्थ कळला असता.

वर्षात सरकारी सुट्ट्या सोळा. त्यातल्या बहुतेक आमच्या कामिसावापर्यंत पोहोचता पोहोचता दमतात. समुद्राचा दिवस आहे, पण आमच्या प्रांताला समुद्र नाही. डोंगराचा दिवस आहे, पण डोंगर आम्हाला रोजच असतो. सज्ञान होण्याचा दिवस जानेवारीत येतो आणि वस्तीत सज्ञान व्हायला कोणी शिल्लक नसल्यामुळे तसाच जातो. मुलांच्या दिवशी सभागृहासमोरच्या खांबावर कापडी मासे फडकवायचे, ते आम्ही अजून फडकवतो. ते पाहायला येणाऱ्यांपैकी सगळ्यात लहान माणूस सत्तरीच्या पुढचा असतो. वसंत आणि शरद संपाताला थडगी धुवायची, हे मात्र चोख होतं, कारण तिकडची लोकसंख्या वाढती आहे.

उरला सप्टेंबरातला ज्येष्ठांचा दिवस. तो आमचा. पूर्वी पंधरा तारखेला असायचा. पुढे संसदेने तो तिसऱ्या सोमवारी नेला, म्हणजे नोकरदारांना सलग तीन दिवस मिळून ते म्हाताऱ्यांपासून जरा लांब कुठे तरी जाऊ शकतील.

या दिवशी वस्तीत दोनच जाती असतात: पंचाहत्तरी पूर्ण केलेले सत्कारमूर्ती आणि न केलेले यजमान. सत्कारमूर्तींनी सभागृहातल्या तातामी चटयांवर गाद्या टाकून बसायचं आणि यजमानांनी स्वयंपाकघरातून वाढायचं. किनुएसान खालच्या खोऱ्यातून तेविसाव्या वर्षी लग्न होऊन इथे आल्या त्याच शरदात यजमान झाल्या. तेव्हा स्वयंपाकघरात एकोणतीस बायका होत्या आणि गाद्यांवर अकरा म्हातारे. पुढे दर वर्षी एक-दोन बायका कनातीखालून सरकाव्यात तशा स्वयंपाकघरातून बाहेर सरकत गेल्या आणि गादीवर जाऊन बसल्या. बसल्या की लगेच त्यांना भातात मीठ कमी वाटायला लागायचं. गेल्या वर्षी स्वयंपाकघरात एकट्या किनुएसान होत्या, आणि गाद्यांवर बावीस जण.

एक यजमान आणखी होता, पण तो मोजण्यात येत नसे. शिगेओ इदे. निवृत्त भूमापक, वय एकाहत्तर, अविवाहित. आमच्यात त्याला अजून अरेतुरे चालतं. सुट्टीच्या दिवशी सकाळी सातला सभागृहावर झेंडा लावणं आणि संध्याकाळी पाचला उतरवणं, हे त्याचं काम. वर्षात सोळा वेळा. ते तो इतकं काटेकोर करतो की लोक झेंड्यावरून घड्याळ लावतात. स्वयंपाकघरात त्याने पाऊल टाकल्याचं कोणाच्या स्मरणात नाही. घरी तो पाणी उकळू शकतो, आणि त्यात जे तयार होईल ते खातो. पंचाहत्तरीखालचं तिसरं घर लेट्यूसवाल्या जोडप्याचं. सप्टेंबरात लेट्यूसचा हंगाम असतो आणि लेट्यूसला सुट्टी नसते.

पत्रासोबत यंदा एक परिपत्रकही होतं. त्याच्या आदल्या वर्षी कुठल्याशा दुसऱ्या वस्तीत सूपचा ट्रे उचलताना एक सत्कारमूर्ती पाय घसरून पडल्या होत्या. सबब यापुढे, कलम एक: सत्कारमूर्तींकडून कोणतेही श्रम घेऊ नयेत. कलम दोन: ज्या वस्तीत पंचाहत्तरीखालील एकही रहिवासी यजमान म्हणून सही करणार नाही, तिथला समारंभ बंद करून तो शहरातल्या मध्यवर्ती समारंभात विलीन करावा. बसची सोय केली जाईल. प्रवास पन्नास मिनिटांचा.

किनुएसानचं दुखणं या पन्नास मिनिटांत होतं.

वस्तीतल्या सगळ्यात ज्येष्ठ तात्सु आजी. वय सत्त्याण्णव. त्यांना आजी म्हणणाऱ्यांत एक्क्याऐंशी वर्षांच्या फुकुएसानही आहेत, यावरून काय ते समजावं. तात्सु आजी एका जागी एक तास बसू शकतात. तासाभराने पाठ ऐकत नाही, आडवं व्हावं लागतं. वर्षातून एकदा, या सोमवारी, त्या घराबाहेर पडतात. मानाच्या गादीवर त्यांचा तो तास बसतात. मिसोत, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणात, शिजवलेल्या कार्प माशाचा एक वाडगा संपवतात, आणि घरी जातात.

हा कार्प किनुएसानना त्यांनीच शिकवला. खवल्यांसकट आडवे जाड तुकडे करायचे, पण त्याआधी डोक्यामागे असलेली पित्ताची पिशवी अंगठ्याने अलगद सोडवून काढायची. ती फुटली तर आख्खं पातेलं कडू. लग्नाच्या पहिल्या वर्षी किनुएसानच्या हातून ती फुटली. नवीन सून, एकोणतीस बायकांच्या देखत. त्या दिवशी अकरा म्हाताऱ्यांनी दोन घोट घेतले आणि वाडगे खाली ठेवले. महिला मंडळाच्या प्रमुख तेव्हा तात्सुसान होत्या. त्यांनी स्वतःसाठी एक वाडगा भरला, उभ्यानेच संपवला, मग दुसरा भरला आणि तोही संपवला. बाकीच्या बायकांनी निमूट आपापले वाडगे पुढे केले. यावर नंतर कोणी कधी काही बोललं नाही. आमच्याकडे उपकार असेच केले जातात, आणि म्हणून ते फिटत नाहीत.

तर किनुएसान बस पकडून नगरपालिकेत गेल्या. ज्येष्ठ कल्याण विभागात उसुदा नावाचा सत्तावीस वर्षांचा कारकून बसतो. मुलगा सभ्य, माणूस समोर आला की उठून उभा राहतो, त्यामुळे दिवसभरात त्याची बरीच कवायत होते. किनुएसान म्हणाल्या, मला यादीतून काढा.

"यादी रहिवासी नोंदवहीतून आपोआप निघते, ओगिवारासान. तिच्यातून नाव जायचे दोनच मार्ग आहेत. एक म्हणजे स्थलांतर, आणि..." उसुदाने समोरचे कागद सरळ केले.

"दुसरा मला माहीत आहे. त्याची घाई नाही. माझा आदर पुढच्या वर्षावर ढकलता येईल का?"

"आदर ढकलता येत नाही हो."

"का? आख्खा दिवस ढकललात की, पंधरा तारखेवरून सोमवारवर."

ते संसदेने केलं, असं उसुदा म्हणाला, आणि संसदेच्या वतीने थोडासा वाकला. मग त्याने समजावून सांगितलं की मध्यवर्ती समारंभ फार चांगला असतो. व्यासपीठ, बालवाडीच्या मुलांचं गाणं, उपमहापौरांचं भाषण. बसमध्ये चढायला मदतनीस असतील.

"तात्सु आजींना एक तास बसता येतं," किनुएसान म्हणाल्या. "पन्नास मिनिटं बसमध्ये गेली. उरलेल्या दहा मिनिटांत उपमहापौरांचं भाषण मावेल?"

उसुदाने प्रामाणिकपणे विचार केला. उपमहापौरांचं भाषण त्याने ऐकलेलं होतं. मावणार नाही, असं तो म्हणाला. मग त्याने खण उघडून वस्तीच्या समारंभाचा कोरा अर्ज काढून दिला आणि सांगितलं की कोणी यजमान म्हणून सही करणारं असेल तर सप्टेंबरच्या पाच तारखेपर्यंत आणून द्या. स्वयंपाक मात्र यजमानानेच करायचा, कलम एक.

किनुएसान परतल्या त्या थेट शिगेओच्या दारात. तिथे जे बोलणं झालं ते शेजारच्या फुकुएसाननी ऐकलं, म्हणजे ते वस्तीने ऐकलं. शिगेओ आधी म्हणाला, मी झेंडा लावतो. किनुएसान म्हणाल्या, झेंडा लाव आणि सहीही कर. तो म्हणाला, चोवीस... नाही, तेवीस लोकांचं जेवण मला जमायचं नाही, मी कार्प फक्त तळ्यात पाहिलाय. किनुएसान म्हणाल्या, जेवणाचं मी बघते. तो म्हणाला, पण तुम्ही तर आता सत्कारमूर्ती. हा शब्द त्याने जरा चवीने उच्चारला असावा, कारण त्यानंतर आतून अर्ज टेबलावर आपटल्याचा आवाज आला.

खरी अडचण शेवटी निघाली. यजमानाला स्वागतपर चार शब्द बोलावे लागतात. शिगेओने आयुष्यभर जमिनी मोजल्या होत्या. जमीन उलट बोलत नाही आणि तिला चार शब्दही लागत नाहीत.

"तू नुसता उभा राहा," किनुएसान म्हणाल्या. "मी बसल्या जागेवरून बोलीन."

"लोक हसतील."

"तेवीसच्या तेवीस पंचाहत्तरीचे आहेत. निम्म्यांना ऐकू येत नाही, उरलेल्यांना दिसत नाही. कोण हसणार?"

शिगेओने सही केली. सही त्याने भूमापकासारखी केली, चौकटीच्या बरोबर मध्ये. त्याच्याकडे तेवढंच काम आहे असं त्याला वाटलं. किनुएसाननी दुसऱ्या दिवसापासून त्याला रोज सकाळी परसात उभं करून तांदूळ धुवायला शिकवलं.

आता राहिलं कलम एक. किनुएसान अर्ज घेऊन तीन संध्याकाळी बसल्या. त्या वाचणाऱ्यांपैकी नाहीत. त्यांच्या घरात शेती सहकारी संघाचं कॅलेंडर सोडलं तर फारसं वाचायला नाही. पण त्या कॅलेंडरच्या मागची खतांची माहितीही वाचतात. अर्जात एकूण नऊ रकाने होते. सातवा होता "करमणुकीचे कार्यक्रम", आणि त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: सत्कारमूर्तींचा उत्स्फूर्त सहभाग स्वागतार्ह.

या रकान्यात आजवर आम्ही लिहीत आलो ते असं: फुकुएसान यांचे गायन. पंखानृत्य. कधी बाजाची पेटी. किनुएसाननी पेन्सिलीने आधी लिहून पाहिलं, मग पेनाने गिरवलं: कार्प कापणे व मिसोत शिजवणे. लाल कडधान्याचा चिकट भात वाफवणे. अळकुड्या सोलणे. वांगी भाजणे. सहभाग: बावीस जण, उत्स्फूर्त. वेळ: सकाळी साडेसात ते साडेअकरा.

पाच तारखेला त्या हा अर्ज घेऊन पुन्हा उसुदासमोर उभ्या राहिल्या. तीन दिवसांपूर्वी त्यांना पंचाहत्तर पूर्ण झाली होती; मुलाचा नागोयाहून फोन आला होता, आता आराम कर म्हणून. उसुदाने सातवा रकाना वाचला. आठवा वाचला. पुन्हा सातव्यावर आला.

"हे करमणुकीत बसतं का, ओगिवारासान?"

"गेल्या वर्षी फुकुएसाननी गाणं म्हटलं. ते बसलं का?"

उसुदा गेल्या वर्षी हजर होता. त्याने शिक्का मारला.

त्या सोमवारी आकाश स्वच्छ होतं. शिगेओने सातला झेंडा लावला आणि सात-पाचला तांदूळ धुवायला घेतले. साडेसातला सत्कारमूर्ती यायला लागले. कोणी काठीने, कोणी चाकांची ढकलगाडी घेऊन, आणि जवळजवळ सगळ्यांच्या पिशवीत एप्रन. गेली दहा-पंधरा वर्षं गादीवर बसून ज्यांनी भातातल्या मिठाला नावं ठेवली त्या बायका स्वयंपाकघरात शिरल्या आणि आपापल्या जुन्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. कोणाची जागा कुठली, हे विचारावं लागलं नाही. मधल्या काही जागा रिकाम्या होत्या. त्या कोणी भरल्या नाहीत. म्हाताऱ्या बाप्यांना व्हरांड्यात अळकुड्या सोलायला बसवलं. त्यांनी कुरकुर केली. मग त्यांच्यात कोण जास्त सोलतो याची पैज लागली.

"शिगेओ, तांदूळ धुतोयस की आंघोळ घालतोयस?" फुकुएसान म्हणाल्या. "आमच्या मंडळातली एवढी एकच तरणी पोर, आणि तिचा हात हा असा."

कार्प नऊ होते. किनुएसाननी नऊही पिशव्या अंगठ्याने सोडवल्या, एकही न फोडता.

दहा वाजता पातेली मंद आचेवर असताना उसुदा नगरपालिकेच्या गाडीतून आला. सोबत लाल-पांढऱ्या मांजूचे तेवीस डबे (वाफवलेले गोळे, आत गोड पुरण, वर नगरपालिकेचं चिन्ह), तात्सु आजींसाठी मानपत्र, आणि उपमहापौरांचा संदेश, जो त्यालाच वाचायचा होता. त्याने आत पाहिलं. रिकाम्या गाद्या तेवीस. त्याने नम्रपणे सांगितलं की करमणूक त्याला मान्य आहे, पण संदेशाच्या वेळी सत्कारमूर्ती बसलेले असले पाहिजेत. अहवालाला फोटो जोडावा लागतो.

बिकट प्रसंग होता. मिसो दोन वेळा घालायची असते. पहिली घातली होती, दुसरी बाकी होती, आणि त्यामध्ये पातेलं नुसतं सोडून देता येत नाही. किनुएसाननी स्वयंपाकघराकडे पाहिलं. कायद्याने तिथे एकच माणूस उभा राहू शकत होता. त्यांनी डाव त्याच्या हातात दिला, सरकदार दरवाजा पूर्ण उघडा ठेवला आणि स्वतः जाऊन दाराजवळच्या गादीवर बसल्या. बाकीचेही बसले, एप्रनसकट. तात्सु आजी तेवढ्या अजून घरी होत्या. त्यांचा तास पावणेबाराला सुरू व्हायचा होता.

उसुदा संदेश वाचू लागला. आपण सर्वांनी या देशाच्या उभारणीसाठी दीर्घकाळ अविरत श्रम केलेत.

"आच कमी," किनुएसान मागे न बघता म्हणाल्या. आत काही तरी खडखडलं.

आता आपण निवांत व्हावे.

"ढवळू नकोस. तुकडे मोडतील. पातेलं नुसतं हलव."

ही आमची मनःपूर्वक इच्छा आहे. उसुदा प्रत्येक वेळी थांबत होता आणि सूचना पूर्ण झाल्यावर पुढे वाचत होता. त्यामुळे उपमहापौरांच्या संदेशाला एक लय आली, जी एरवी नसते. यजमानाचे चार शब्दही त्यातच उरकले. मग नवप्रविष्टांचं स्वागत. यंदा नाव एकच. ओगिवारा किनुएसान. त्या उठल्या, पुढे आल्या आणि तिथे त्यांच्या लक्षात आलं की एप्रनवर माशाचे खवले आहेत. त्यांनी एप्रन सोडला आणि ठेवायला जागा दिसेना म्हणून उसुदाच्या हातात दिला. एका हातात एप्रन धरून उसुदाने दुसऱ्या हाताने त्यांना मांजूचा डबा दिला. दोघेही वाकले. टाळ्या झाल्या. किनुएसाननी डबा गादीवर ठेवला, एप्रन परत घेतला आणि जाता जाता आत डोकावून म्हणाल्या, "आता दुसरी मिसो." शिगेओने ती घातली. मोजून घातली; मोजणं त्याला येतं.

पावणेबाराला शिगेओ चाकांच्या खुर्चीतून तात्सु आजींना घेऊन आला. मानपत्र वाचलं, तीन मिनिटं. मग किनुएसाननी वाडगा आणला आणि त्यांच्यासमोर, स्वतःच्या नव्हे तर वाढणाऱ्याच्या जागी, गुडघ्यांवर बसल्या. आजींनी आधी वास घेतला, मग रस घेतला, मग मासा. सावकाश. घड्याळाकडे फक्त किनुएसान बघत होत्या.

"साखर जरा कमी झाली," तात्सु आजी म्हणाल्या.

"हो, आजी."

"पुढच्या वर्षी वाढव."

"वाढवते."

आजींनी वाडगा पुढे केला. किनुएसानना वाटलं, संपला. पण आजी म्हणाल्या, अजून घाल. दुसरा वाडगा संपला तेव्हा त्यांच्या तासातली अकरा मिनिटं उरली होती. ती त्यांनी फुकुएसानचं गाणं ऐकण्यात घालवली, ते अर्जात नव्हतं तरी.

किनुएसाननी त्याच दुपारी उसुदाला पुढच्या वर्षीचा कोरा अर्ज मागितला. तो अजून छापलेला नाही, असं तो म्हणाला. यंदाचाच द्या, त्या म्हणाल्या, वर्ष खोडून चालेल. यंदा धरून चार वर्षं शिगेओ पंचाहत्तरीखाली आहे, मी हिशेब केलाय. चार वर्षांनंतर काय, असं उसुदाने विचारलं. त्या म्हणाल्या, तोवर तुम्ही इथे राहायला या.

ज्येष्ठ कल्याण विभागाच्या नोंदीत त्या दिवसाचा अहवाल आहे, फोटोसह. कामिसावा वस्ती. यजमान: एक. सत्कारमूर्ती: तेवीस, पैकी उपस्थित तेवीस. सत्कारमूर्तींकडून घेतलेले श्रम: निरंक. करमणूक: चार तास, सहभाग उत्स्फूर्त. अपघात: निरंक. शिफारस: वस्तीतील समारंभ पुढील वर्षी चालू ठेवावा.

भांडी शिगेओ आणि उसुदाने घासली. साडेतीन वाजले.